शाळा गाडीवर गेली

आमच्या घरात फोन एकच,
तो अब्बांच्या खिशात,
आणि अब्बा केळीच्या गाडीवर.
म्हणून आमची नववी ब
सोमवारी रात्री सावद्याहून निघायची.
खाली हिरवे घड, वर केळीची ओली पानं,
त्यावर ताडपत्री.
बऱ्हाणपूर, इंदूर, गुणा, ग्वाल्हेर,
दिल्लीच्या मंडीत गाडी रिकामी झाली
की शनिवारी शाळा घरी यायची,
डिझेलच्या वासाची, आठ टक्के चार्जिंगची.

मग मी पाच दिवस एका रात्रीत शिकायचे.
चार्जरची वायर आखूड,
चुलीमागच्या बोर्डाला टेकून उभ्यानंच.
भारंबे सर रात्री अकराला पाच वेळा म्हणायचे,
सुप्रभात मुलांनो.
माय म्हणायची, आवाज कमी कर,
शेजारी कुणी आजारी आहे का माहीत नाही.

लीना भंगाळेकडे वायफाय होतं.
ती खिडकीच्या गजांतून वही धरायची,
मी रस्त्यावरून लिहून घ्यायचे.
तिची आजी आतून सॅनिटायझर शिंपडायची,
हवेवर.
एकदा माझ्या पाचवर बुडबुडा पडला
आणि पाचाचा सहा झाला. पुढचं सगळं गणित चुकलं.

अरमान चौथीत.
त्याच्या वाट्याला शनिवारी काहीच उरायचं नाही.
तो काडेपेटीला फोन करायचा,
"हॅलो बाई, ऐकू येतंय का?"
आणि स्वतःच म्हणायचा,
"नाही, तुटतंय."

हजेरीचं कोडं मला श्रावणात सुटलं.
ग्रुपवर रोज सकाळी सव्वानऊला
माझ्या नावापुढं लिहिलेलं दिसे: हजर.
शिवपुरीहून हजर.
टोलनाक्याच्या रांगेतून हजर.
एकदा पहाटे तीनला हजर, कुणी न विचारता.

अब्बा सातवी शिकलेले.
बाजूला क्लीनर नाही, तो गावी परतलेला,
ढाब्यांची शटरं खाली,
महामार्गावर दोनशे किलोमीटर माणूस नाही,
तेव्हा त्यांनी सरांना लावलं.
लोक रेडिओ लावतात तसं.

मला म्हणाले, "जुले, ते एक्स आणि वाय आहेत ना,
दोघं लपलेले असतात.
एक गोष्ट माहीत असून सापडत नाहीत.
दोन पाहिजेत, दोन."
आणि भरताचा घास तसाच हातात धरून
बराच वेळ बसून राहिले,
जणू कुठली तरी दुसरी गोष्ट शोधत होते.

घटक चाचणी मंगळवारी होती.
मंगळवारी मी इथे, प्रश्न तिकडे.
शनिवारी फोन उघडला तर
माझी उत्तरपत्रिका गेलेली.
काटापावतीची मागची बाजू,
स्टिअरिंगवर ठेवून काढलेला फोटो,
कोपऱ्यात अंगठा.
अक्षरं गाडीच्या मागे रंगवतात तशी, मोठी, वळणदार.
खाली सरांची लाल शाई:
पद्धत बरोबर. चिन्ह चुकलं.
दहापैकी सहा.
जुलेखा, अक्षर सुधार.

मी काही बोलले नाही.
अब्बा बाहेर गाडीखाली, पान्हा मागत होते.
मी पान्हा दिला.
रात्री ती पावती त्यांच्या शर्टातून काढली,
वजाच्या रेघेवर उभी रेघ ओढली
आणि परत खिशात घातली.

जानेवारीत शाळा उघडली.
बाकांवर एक आड एक मुलं,
मास्कावरून नुसते डोळे,
मी भारंबे सरांना पहिल्यांदा उभं पाहिलं,
आवाजाच्या मानानं फारच बुटके.
फळ्यावर समीकरण. म्हणाले, तडवी, ये.
मी सोडवलं, खडू हातात तुटला, तरी सोडवलं.

सर जवळ येऊन बघत राहिले.
"अक्षर सुधारलं गं तुझं," म्हणाले.

मी नाही म्हणाले नाही.